लेनबाईंचें पोस्टकार्ड

अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारचें एफ. बी. आय. नांवाचें तपासखातें आहे. त्या खात्याच्या दप्तरांत १९४३ सालच्या एका साध्या पोस्टकार्डाचें प्रकरण जपून ठेवलें गेलें. कार्डांत कट नव्हता, खंडणी नव्हती, शत्रूस पोंचविलेली बातमी नव्हती. एका बाईनें रेडिओवर बोलणाऱ्या एका गृहस्थास आपलें मत कळविलें होतें, एवढेंच. तें कार्ड, तें लिहिणारी बाई आणि त्या कार्डापायीं तिच्या अंगणांत आलेला पोलीस यांची हकीकत आज आम्ही आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांपुढें मांडतों. बाईचें मत आम्हांस मान्य नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. तरी ही गोष्ट आमच्या घरांघरांत बोलली जावी अशी आमची इच्छा आहे.

बाईंचें नांव रोज वाइल्डर लेन. जन्म १८८६ चा, डकोटा मुलखांत, डी स्मेट गांवाजवळच्या शेतावर. बाप आल्मान्झो वाइल्डर हाडाचा शेतकरी. आमच्या माणदेशांतल्या कुणब्यास त्याची कथा सांगितली तर ती त्याला आपल्याच भाऊबंदाची वाटेल. पाऊस पडेना, पीक करपलें, कर्ज चढलें, घटसर्पाच्या दुखण्यांतून उठला तो अंगानें अधू होऊन, तान्हा मुलगा गेला, घर जळालें. शेवटीं १८९४ सालीं बिऱ्हाड गाडींत घालून नवरा, बायको आणि सात वर्षांची रोज मिझुरी प्रांतांत मॅन्सफील्ड गांवीं आलीं व तेथल्या खडकाळ रानांत त्यांनीं पुन्हां पहिल्यापासून संसार मांडला. आई लॉरा इंगल्स वाइल्डर. तिनें साठी उलटल्यावर आपल्या लहानपणच्या हकीकती लिहिल्या. १९३२ पासून त्या पुस्तकरूपानें निघूं लागल्या व पुढें जगभरच्या मुलांनीं वाचल्या. त्या पुस्तकांवर लेकीचा हात कितपत फिरला आहे याविषयीं विद्वान लोक अजून भांडत असतात. त्यांना भांडूं द्यावें.

रोजनें तरुणपणीं तारयंत्राचें काम शिकून तारऑफिसांत नोकरी केली. दुसऱ्याचा निरोप आपल्या बोटांखालून जातो, तो कळतो, पण कोणापुढें बोलतां कामा नये, असा त्या धंद्याचा नेम असतो. ही गोष्ट पुढच्या हकीकतीसाठीं वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. त्यानंतर सॅन फ्रॅन्सिस्कोच्या वर्तमानपत्रांत त्यांनीं लेखणी धरली, पहिल्या महायुद्धानंतर युरोपांत पुष्कळ हिंडल्या, अल्बानियासारख्या डोंगरी देशांतहि राहिल्या. आरंभीं त्यांचा ओढा साम्यवादाकडे होता. परंतु रशियाच्या ताब्यांतील कॉकेशसच्या एका खेड्यांत त्या उतरल्या असतां घरधन्यानें नव्या राज्याविरुद्ध जी कुरकुर केली ती बाईंनीं लिहून ठेविली आहे. त्या शेतकऱ्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मॉस्कोंत बसलेलीं माणसें कितीहि शहाणीं असलीं तरी तीं माणसेंच. एवढ्या अफाट देशांतल्या गांवागांवाचें आणि घराघराचें हित त्यांना तेथें बसून कसें कळावें? हें बोलणें बाईंच्या मनांत रुतलें. हळूहळू त्या अशा मताच्या झाल्या कीं, सरकार जितकें आटोपशीर तितकें माणसाचें कल्याण. या मताच्या लोकांस तिकडे लिबर्टेरियन म्हणतात. आपण त्यांस व्यक्तिस्वातंत्र्यवादी म्हणूं. या पंथाच्या आद्य लेखकांत बाईंची गणना होते. ‘डिस्कव्हरी ऑफ फ्रीडम’ हें त्यांचें पुस्तक १९४३ सालींच निघालें.

त्या सालीं दुसरें महायुद्ध ऐन रंगांत होतें. अमेरिकेंत १९३५ सालीं सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला होता, म्हणजे म्हातारपणीं व बेकारींत माणसाच्या हातीं चार पैसे यावे अशी सोय सरकारनें केली होती. ती सोय आणखी वाढवावी काय, याविषयीं सॅम्युएल ग्राफ्टन नांवाच्या रेडिओवरील वक्त्यानें ऐकणारांचें मत मागितलें. मत मागितलें, बाईंनीं दिलें. कार्डावरच्या मजकुराचा आशय असा: हे असले कायदे मूळचे जर्मनीचे, बिस्मार्कनें ते काढले, हिटलरनें वाढविले. उद्यां आमचे मास्तर जर्मनीच्या पोरांस याच कायद्यांचे गोडवे सांगूं लागले तर तीं पोरें विचारतील कीं मग आमच्याशीं लढलांत कशासाठीं? अमेरिकन माणसाला स्वातंत्र्य पाहिजे. त्याच्याच कल्याणाच्या नांवावर त्याच्याकडून कर घेणारे व वर हुकूम सोडणारे अंमलदार नकोत.

पोस्टकार्ड उघडें असतें. टपालांतल्या कोणा जागरूक माणसाची नजर त्यावर पडली व त्याला वाटलें कीं हें कांहीं तरी सरकारच्या विरुद्ध आहे. कार्डाची खबर तपासखात्याकडे गेली, तपासखात्यानें प्रांताच्या पोलिसांस कळविलें. सही ‘मिसेस सी. जी. लेन’ अशी, नवऱ्याच्या नांवाची होती. तेव्हां ही कोण बाई याचा शोध घेणें आलें.

कनेक्टिकट प्रांतांत डॅनबरीजवळ बाईंचें घर होतें. बाई अंगणांत बसून डँडेलियनचें तण काढीत होत्या. डँडेलियन म्हणजे पिवळ्या फुलाचें, खोल मुळाचें एक हट्टी तण, आमच्या हराळीच्या जातकुळीचें म्हणाना. तेवढ्यांत पोलीस आला. त्यानें कार्डाचा मजकूर दाखवून विचारलें, हें तुमचें काय? बाई म्हणाल्या, माझेंच. पण एका नागरिकानें आपलें मत कोणास कळविलें तर पोलिसांचा त्याच्याशीं काय संबंध? पोलीस म्हणाला, तुमची ही बोलण्याची तऱ्हा मला पसंत नाहीं. त्यावर बाईंनीं त्याला ऐकविलें कीं, तुला नोकरीस ठेवणारे आम्ही, तुझा पगार भरणारे आम्ही; माझी तऱ्हा तुझ्या पसंतीस उतरावी हा प्रश्नच कोठून आला? हें काय गेस्टापोचें राज्य आहे? पोलीस गडबडला, पण हें लिहिणें चिथावणीचें आहे असें त्यानें सुचविलें. बाई म्हणाल्या, हें चिथावणीचें असेल तर मी पुरी चिथावणीखोर; मी हेंच बोलेन, हेंच लिहीन, रेडिओवर सांगेन आणि छापीन. आणि त्यांनीं खरोखरच छापलें. ‘हें काय, गेस्टापो?’ अशा अर्थाच्या मथळ्याचें लहानसें चोपडें त्याच सालीं निघालें, वर्तमानपत्रांत बोभाटा झाला आणि एका फाटक्या कार्डापायीं तपासखात्यास खुलासे करीत बसावें लागलें.

ही हकीकत बाईंच्या तोंडची आहे, तेव्हां पोलिसाचें म्हणणें तिच्यांत थोडें कमी व बाईंचें थोडें अधिक असायचें. तें कांहीं असो. वाचकहो, आम्हांस या प्रसंगांत मोह पडतो तो एका वाक्याचा: तुझा पगार आम्ही भरतों. हें वाक्य आमच्या गांवीं कोणत्या अंगणांत बोललें गेलें आहे? आमच्याकडे फौजदार तर दूरच, नुसता शिपाई वाड्यावस्तीवर आला तरी घरचा कर्ता पुरुष आधीं पागोटें शोधतो, मग शब्द शोधतो. शेतसारा आपण भरला, पट्टी आपण भरली, आणि ‘मायबाप’ म्हणायचें मात्र त्यांना! जें आपण पोसतों त्यालाच आपला पोशिंदा म्हणण्याची ही उलटी रीत आमच्या रक्तांत शेंकडों वर्षें भिनविली गेली. जोतीराव फुल्यांनीं व त्यांच्या सत्यशोधक मंडळींनीं ती काढण्यासाठीं जन्म वेंचले, तरी तिचीं मुळें डँडेलियनसारखीं खोल आहेत.

बाईंच्या धिटाईस मुजरा करून आतां त्यांच्या मतांकडे वळतों, कारण येथें आमचा आणि त्यांचा मार्ग फुटतो.

बाईंचा अभिमान असा कीं, आमच्या वाडवडिलांनीं सरकारकडे हात न पसरतां निव्वळ मनगटाच्या जोरावर रान मोडून शेती उभी केली. मनगटाचा जोर आम्ही नाकारीत नाहीं. जमीन कसणारास दुसऱ्याच्या मनगटाची किंमत कळते. परंतु जमीन आली कोठून? लिंकनच्या सहीनें १८६२ सालीं कायदा झाला कीं, जो कोणी पांच वर्षें राहून जमीन कसील त्यास किरकोळ फी घेऊन १६० एकर जमीन मालकीची मिळेल. डी स्मेटजवळ बाईंचे आजोबा चार्ल्स इंगल्स यांना जमीन मिळाली ती या कायद्यानें. तेथवर जाणारी आगगाडी पुढें सरकली तीहि कंपन्यांना सरकारनें दिलेल्या सवलतींच्या बळावर. एका शेतकऱ्यास १६० एकर! आमच्याकडे चार भावांत चार एकर वांटतांना डोकीं फुटतात. एवढें दान ज्या घराण्याच्या पदरांत पडलें त्याच्या नातीनें सरकारनें कोणास कांहीं देऊं नये असा उपदेश करावा, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

आणि सरकारनें तरी ती दिली कोणाची? त्याआधीं १८६९ ते १८७१ या सालांत हेंच इंगल्स कुटुंब कॅन्सास प्रांतांत जाऊन राहिलें होतें. ती जमीन ओसेज नांवाच्या मूळच्या रहिवाशांसाठीं राखून ठेवलेली होती. तिच्यावर गोरे लोक आधींच घुसले आणि पुढें ओसेजांस तेथून हलावें लागलें. डकोटांतहि मूळचे धनी निराळेच. शेतकऱ्याच्या कष्टाची गोष्ट सांगतांना त्या शेतावरून कोण उठविला गेला हें सांगायचें राहिलें तर गोष्ट अर्धीच राहते. क्षेत्रपाळाला नारळ फोडून आम्ही नांगर धरतों, पण क्षेत्राचा पहिला मालक कोण हा प्रश्न जोतीरावांनीं आम्हांस विचारावयास शिकविला आहे. तो आम्ही अमेरिकेलाहि विचारणारच.

ज्या १९३५ च्या कायद्यावर बाई एवढ्या तुटून पडल्या त्यांत एक मोठें भोंक होतें. म्हातारपणाच्या पेन्शनीमधून शेतमजूर वगळले होते, आणि घरोघर धुणींभांडीं, स्वयंपाक, मुलें सांभाळणें हीं कामें करणाऱ्या बायाहि वगळल्या होत्या. दक्षिणेकडच्या प्रांतांतला काळा माणूस बहुतेक करून याच दोन कामांवर जगे. म्हणजे गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली, तरी सत्तर वर्षांनीं ज्याच्या घामावर कापूस पिकत होता त्याच्या म्हातारपणाचा हिशेब सरकारनें मांडलाच नाहीं. पुढें १९५० व १९५४ सालच्या दुरुस्त्यांनीं यांतल्या बहुतेकांस आंत घेतलें. तेव्हां बाईंची तक्रार अशी कीं, सरकार आमच्या दारांत कां आलें? आणि कापूस वेंचणाऱ्या बाईची तक्रार अशी कीं, सरकार माझ्या दारावरून पुढें कां गेलें? आम्ही कोणाच्या बाजूस उभे राहणार हें सांगावयास नको.

कारण सरकारचा हात मागें घेतला कीं मोकळीक येते हें जेथें खरें असेल तेथें असो. आमच्या गांवांत तें खरें नव्हतें. येथें सरकार आखडलें कीं त्या जागेवर सावकार येऊन बसे. १८७५ सालीं सुप्याच्या बाजारांत रयतेनें सावकारांचीं खतें जाळलीं तीं कां? आपल्या नांवावर काय लिहिलें आहे तें तिला वाचतां येत नव्हतें, आणि ज्याला वाचतां येई तो सावकाराच्या ओटीवर बसलेला. त्या दंग्यानंतर १८७९ चा कायदा झाला तेव्हां कोर्टाला खताच्या पोटांत शिरून हिशेब पाहण्याची मुभा मिळाली. जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मागणी केली ती सरकारनें दूर व्हावें अशी नव्हे. खेड्यापाड्यांतल्या मुलांचें बारा वर्षांपर्यंतचें शिक्षण सक्तीचें करा, शूद्रांच्या करांतून भटांचीं कॉलेजें पोसूं नका, अशी होती. छत्रपति शाहू महाराजांनीं १९०२ सालीं निम्म्या जागा मागासलेल्यांसाठीं राखल्या व १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, तें हुकूम सोडूनच केलें. तो हुकूम सुटला नसता तर आज हें पत्र वाचणाऱ्या कित्येक घरांत अक्षरच पोंचलें नसतें. सरकारी कामगार लबाड असतो हें जोतीरावांस बाईंपेक्षां अधिक माहीत होतें. गोरा अंमलदार ऐषआरामांत आणि त्याच्या आडून खालचा भटकामगार रयतेस नागवतो, हें त्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ यांत १८८३ सालींच लिहून ठेवलें. त्यावर त्यांचा उपाय असा कीं, कचेरींत आमचीं शिकलेलीं मुलें बसवा. कचेरीच मोडा असें ते म्हणाले नाहींत.

इतकें सुनावल्यावर बाईंच्या पदरचें पुण्यहि मोजलें पाहिजे. तें थोडेंथोडकें नाहीं. याच सुमारास, १९४२ च्या अखेरीपासून १९४५ पर्यंत, ही गोरी बाई ‘पिट्सबर्ग कूरियर’ या काळ्या लोकांच्या साप्ताहिकांत दर आठवड्यास लिहीत होती. तें पत्र १९०७ सालीं निघालेलें. युद्धाच्या दिवसांत त्यानें दुहेरी विजयाची हांक दिली होती: परदेशांत हिटलरवर विजय, आणि घरांत वर्णभेदावर विजय. मोठमोठ्या गोऱ्या वर्तमानपत्रांत लिहून नांव कमावलेल्या बाईंनीं त्या पत्राच्या वाचकांस मोकळेपणें सांगितलें कीं, स्वातंत्र्य व समता यांचा अर्थ ज्यांना कळतो ती माणसें मला येथें भेटलीं. माणसाचा वर्ण पाहून त्याची पारख करणें हा मूर्खपणा आहे, व तो सोडण्याचें काम आधीं गोऱ्यांचें आहे, असा त्यांचा रोख असे. आमच्याकडे अशी कल्पना करून पहावी कीं, पुण्याच्या सदाशिव पेठेंतील एखाद्या नामांकित लेखिकेनें आपली जागा सोडून तीन वर्षें ब्राह्मणेतरांच्या साप्ताहिकांत सदर चालविलें. आम्ही तिच्या मतांशीं भांडलों असतों आणि सदर मात्र आनंदानें छापलें असतें. जोतीरावांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांच्या सुटकेसाठीं झटलेल्या सज्जनांस अर्पण केलें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. ज्या देशाचा त्यांनीं असा गौरव केला त्यांत सत्तर वर्षांनंतरहि दुहेरी विजयाची हांक द्यावी लागत होती.

आतां त्या कागदांविषयीं. बाईंचीं पत्रें, रोजनिशा व टिपणें आयोवा प्रांतांत वेस्ट ब्रँच येथें हर्बर्ट हूवर या माजी राष्ट्राध्यक्षांच्या नांवच्या ग्रंथालयांत जतन करून ठेवलीं आहेत. बाईंनीं त्यांचें चरित्र १९२० सालींच लिहिलें होतें. तपासखात्याचे मुख्य होते ते हूवर निराळे, जे. एडगर. एका हूवरच्या नांवाच्या घरांत बाईंचे कागद प्रेमानें राहिले आणि दुसऱ्या हूवरच्या कपाटांत संशयानें. संशयानें ठेवलेलेहि पुढें अभ्यासकांच्या हातीं आले. ग्राफ्टनच्या घरीं तें कार्ड सरळ गेलें असतें तर चार दिवसांनीं केराच्या टोपलींत पडतें. पोलिसांनीं गुन्हा म्हणून हातांत धरलें म्हणून तें टिकलें.

हें ऐकून आमच्या मंडळींनीं हंसूं नये, कारण आमचीहि कथा कांहीं निराळी नाहीं. कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं ‘दीनबंधु’ काढला. गरिबांच्या पत्राचे अंक गरिबांच्या घरीं कसे टिकावे? कांहीं चुलींत गेले, कांहींवर पोरांनीं भाकरी खाल्ली, कांहीं वाळवीनें नेले. परंतु मुंबई सरकार देशी वर्तमानपत्रांवर नजर ठेवण्यासाठीं दर आठवड्यास त्यांचा इंग्रजी गोषवारा तयार करवीत असे. आज अभ्यासकांना त्या काळच्या आमच्या पत्रांतलें कित्येक बोलणें सांपडतें तें या पाळतीच्या गोषवाऱ्यांत. ज्यांनीं आमच्यावर डोळा ठेविला त्यांच्याच दप्तरांत आमचे आजे-पणजे बोलतांना ऐकूं येतात.

टपाल उघडून पाहण्याची सवय मात्र गोऱ्या साहेबांबरोबर बोटींत बसून गेली नाहीं. १८९८ च्या टपाल कायद्यांत पत्र अडविण्याची मुभा सरकारनें घेतली होती. स्वातंत्र्यानंतर तो कायदा पाऊणशें वर्षें तसाच चालला. २०२३ सालीं नवा कायदा झाला व तो २०२४ च्या जूनपासून अमलांत आला. जुना गेला, नवा आला, पण राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक शांतता वगैरे कारणें दाखवून टपाल अडविण्याचा व उघडण्याचा अधिकार नव्यांतहि आहेच. आतां आमचीं मुलें पत्रें लिहीत नाहींत, फोनवर लिहितात. तें तर पोस्टकार्डाहून उघडें. २०१२ च्या नोव्हेंबरांत आमच्याच पालघरांत एका मुलीनें एका बड्या पुढाऱ्याच्या निधनानंतर झालेल्या बंदाविषयीं फेसबुकावर दोन ओळी लिहिल्या, दुसरीनें त्या पसंत केल्या. दोघींना पोलिसांनीं अटक केली. मुली चिथावणीखोर नव्हत्या, त्यांनीं शिवी दिली नव्हती. ज्या कलमाचा आधार घेतला तें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६अ हें कलम सर्वोच्च न्यायालयानें २०१५ च्या मार्चांत रद्द केलें. डॅनबरीच्या पोलिसानें निदान अटक केली नव्हती. आणि आपल्या नांवावर कोणत्या गुप्त खात्यांत काय लिहून ठेवलें आहे हें आम्हांस विचारावयाचें झालें तर २००५ च्या माहितीच्या अधिकारांतून हेरखातीं बहुतेक वगळलेलीं आहेत. म्हणजे आमचें पत्र जरी कोणी जपून ठेवलें असलें तरी तें कोठें आहे हें आम्हांला कळणें कठीण.

बाईंच्या कार्डांत एक गोष्ट मात्र अशी आहे कीं तिला उत्तर दिल्यावांचून आम्ही पुढें जाऊं शकत नाहीं. ज्याचें ताट सरकारच्या हातून वाढलें जातें त्याची जीभ सरकारच्या ताब्यांत जाते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्या तशा वागल्याहि. युद्धाच्या दिवसांत त्यांनीं रेशनचें कार्ड घेतलें नाहीं. परसांत भाजी लावली, कोंबड्या पाळल्या, फळभाज्या बरण्यांत भरून हिंवाळा काढला. कर कमी पडावा म्हणून मिळकतच कमी केली. एकटी, शिकलेली, घरदार असलेली बाई. तिला हें साधलें. ज्याला परसच नाहीं त्यानें काय लावावें? तरीपण वाढणाऱ्याच्या हातांत जीभ जाते हें बोलणें आमच्या सुतार, लोहार, कुंभार, चांभार भावांना पटल्याशिवाय राहणार नाहीं, कारण तें त्यांनीं खळ्यावर भोगलें आहे. वर्षभर नांगर, कुळव, पाभर नीट ठेवणारा सुतार सुगीला बलुतें घ्यावयास जाई तें त्याच्या घामाचें असे, त्याच्या हक्काचें असे. पण माप धरलेल्या हाताकडे पाहत त्याला उभें रहावें लागे, दोन गोष्टी हंसून ऐकाव्या लागत, आणि पाटलाच्या विरुद्ध साक्ष देण्याचा प्रसंग आला तर खळें डोळ्यांपुढें येई. तेथें सरकार नव्हतें. हक्काचा मामला होता, पण तो उपकार म्हणून पदरांत टाकला जाई, आणि जीभ गेली ती त्या पदरापायीं. बाईंनीं रोग बरोबर ओळखला, पण कोठें आहे तें सांगतांना चुकल्या. सरकारनें दिलें म्हणून माणूस मिंधा होत नाहीं. मेहेरबानी म्हणून दिलें, मनास येईल तेव्हां यादींतलें नांव खोडतां यावें असें दिलें, म्हणजे मिंधा होतो.

आपल्या महाराष्ट्रानें एकदां याहून चांगलें करून दाखविलें होतें. १९७२ च्या दुष्काळांतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ सालीं तिचा कायदा झाला. शहरांतल्या नोकरदारांवर व्यवसायकर बसवून खेड्यांतल्या मजुराला काम देण्याची तजवीज झाली. काम मागणें हा त्यांत हक्क ठरला, काम न दिल्यास भत्ता देणें सरकारवर आलें. अंमलबजावणींत भानगडी झाल्या त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्या हक्काच्या जोरावर बायका तहसील कचेरीवर मोर्चा घेऊन गेल्या आणि साहेबाला जाब विचारून परत आल्या. त्याच सरकारच्या कामावर खडी फोडीत होत्या आणि त्याच सरकारला बोलत होत्या. लेनबाईंनीं तो मोर्चा पाहिला असता तर काय म्हटलें असतें, हें ऐकण्याची आम्हांस फार हौस आहे. त्या १९६८ सालींच वारल्या. पेन्शन घेतली नाहीं आणि त्या पेन्शनीसाठीं लागणारा नंबरहि आपल्या नांवावर पाडून घेतला नाहीं.

आमच्याकडची म्हातारी तो नंबर घेण्यासाठीं कोठें कोठें जाते तें आम्ही रोज पाहतों. खुरपें धरून, वाख वळून, मातीचा गोळा फिरवून बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात, यंत्र ठसा ओळखीत नाहीं, आणि ओळखीत नाहीं म्हणून तीच खोटी ठरते. ‘श्रावणबाळ’ योजनेचे पैसे थांबले कीं ती तालुक्याच्या कचेरीबाहेर झाडाखालीं बसलेल्या अर्ज लिहिणाऱ्याकडे येते. त्याला ती आपली सगळी हकीकत सांगते: किती खेपा घातल्या, कोणत्या खिडकीवर कोण काय बोललें, यादींतलें नांव कोणी कां काढलें असावें. सांगतांना आवाज चांगला चढलेला असतो. अर्ज लिहिणारा मान हलवीत ऐकून घेतो आणि यांतलें एक अक्षर न लिहितां नेहमींच्या वळणानें सुरवात करतो: मेहेरबान साहेब यांचे सेवेशीं. खालीं येतां येतां ‘अर्जदार अत्यंत गरीब व निराधार असून’ येतें, आणि शेवटीं ‘कृपा व्हावी ही विनंति’. म्हातारी विचारते, मी बोललें तें सगळें लिहिलंस ना रे बाबा? तो म्हणतो, सगळें लिहिलंय आजी, येथें अंगठा करा.